मुलांना संग्रहालयात न्यायचं, तर एकच दालन दाखवा

गेली चौदा-पंधरा वर्षं मी मुलांना घेऊन पुण्या-मुंबईतल्या संग्रहालयांत जाते आहे. आधी माझी दोघं, मग भावाची, मग सोसायटीतली. या सगळ्या वर्षांत पालकांना एकच सल्ला मिळताना ऐकलाय: "सकाळी लवकर पोचा, म्हणजे सगळं बघून होतं." मुलांना संग्रहालयाचा कंटाळा येतो तो या 'सगळं'मुळे. सगळं बघायचं नाहीच. एक दालन, त्यातल्या तीन-चार वस्तू, आणि पाऊण तासात बाहेर.

१. जागा आणि वार

चार-पाच वर्षांच्या मुलाला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेला न्या. खेळ सुरू झाला, गाड्या पळायला लागल्या की तुम्हाला काहीच करावं लागत नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पुण्यात बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याहून मोठी मुलं मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रमतात. तिथे २०१९ पासून लहान मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे, त्यामुळे धाकटं भावंड सोबत असलं तरी अडत नाही.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सगळ्यांना आवडतं. पण ते आणि वस्तुसंग्रहालय लागोपाठच्या दिवशी ठेवू नका. काल बटणं दाबली, दांडे फिरवले, आणि आज काचेपुढे हात मागे बांधून उभं राहायचं, हे मुलाला कसं पटावं?

राणीची बाग आणि तिच्यातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. जुन्या इमारतींत दुरुस्त्या निघतात, दालनं मिटलेली असतात, तेव्हा कुठेही निघण्याआधी फोन करून विचारा.

२. दालन आधीच ठरवा

दारात जाऊन "कुठून सुरुवात करू या?" असं मुलाला विचारू नका. तुम्ही ठरवा. केळकरांकडे रोजच्या वापरातल्या वस्तू, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रं नाहीतर पशुपक्षी. बस.

३. पहिल्या वस्तूपाशी थांबणं

सगळी गोम इथेच आहे, आणि इथेच मी कितीतरी वेळा चुकले.

माझी मोठी मुलगी सहा वर्षांची असताना तिला मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात नेलं. तळमजल्यापासून सुरुवात केली. मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते, कारण तिला कळायला हवं ना! तिसऱ्या दालनात तिने फतकल मारली आणि घरी जायचंय म्हणून रडायला लागली. मी रागावले. परतीच्या लोकलमध्ये तिने विचारलं, "आई, त्या माणसाच्या एकाच पायात जोडा का होता?" कुठल्या माणसाच्या, हे मला आजही माहीत नाही. तिने काहीतरी नीट पाहिलं होतं आणि माझं लक्ष पाट्यांवर होतं. त्या दिवसापासून मी मुलांपुढे पाटी वाचणं सोडलं.

म्हणून पहिलं सांगणं: तोंड मिटा. वस्तूपुढे मुलाच्या उंचीला येईल असं खाली बसा. तुम्हाला उभ्याने जे दिसतं ते त्याला दिसत नाही. पुष्कळदा त्याच्या डोळ्यांसमोर कपाटाची कड आणि काचेवरची चकाकी एवढंच असतं. मग मनात वीसपर्यंत आकडे मोजा. हे वीस आकडे फार लांब वाटतात. सात-आठला आपल्याला काहीतरी शिकवायची उबळ येते, ती दाबा. बहुतेक वेळा पंधराच्या आसपास मूल स्वतःहून बोलतं.

भावाचा मुलगा सात वर्षांचा असताना त्याला केळकर संग्रहालयात नेलं होतं. घोड्याच्या आकाराच्या एका पितळी अडकित्त्यापुढे आम्ही बसलो.

"आत्या, ही कात्री आहे?"

"कात्रीच आहे का बघ बरं."

तो काचेला नाक टेकवून बघत राहिला. "नाही. धार एकाच पात्याला आहे." मग थोड्या वेळाने, "काहीतरी कडक फोडायचं असणार. दांडे केवढे लांब आहेत."

तेव्हा कुठे मी सुपारी म्हटलं. त्याने कुणाला सुपारी कातरताना पाहिलंच नव्हतं. त्याचा पुढचा प्रश्न: "मग घोडा कशाला?" सुपारी कातरायला घोडा कशाला हवा? त्या प्रश्नाच्या मागे तो पुढची अर्धी दुपार गेला. वज्रीवर पक्षी का, दिव्यावर मोर का, झाकणाच्या मुठीला आकार का. पाय घासायच्या वज्रीवरही कुणीतरी इतकं निगुतीने काम केलंय, हे मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता.

प्रश्न विचारायचेच, तर कामाचे विचारा. हे धरायचं कुठे? कुठे जास्त झिजलंय? आपल्या घरात हे काम आता कोण करतं? शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं म्हणून १५८१ सालचं चिलखत आहे, त्यापुढे "हे घालून तुला पळता येईल का?" एवढं पुरतं. "हे कितव्या शतकातलं?" असं विचारलंत की संपलं. मुलाला परीक्षा लगेच ओळखू येते आणि ते तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं, वस्तूकडे नाही.

शोधायच्या वस्तूंची छापील यादी मुलांच्या हातात देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. बऱ्याच शाळांच्या सहलींत ती देतात. मी दोनदा तशा सहलीबरोबर गेले आहे. मुलं हत्ती सापडला की बरोबरची खूण करतात आणि पुढच्या वस्तूकडे धावतात. हत्तीला दात किती होते, हे चाळीसपैकी एकालाही सांगता आलं नाही.

आणि मोबाइल पिशवीत. फोटो काढायचा तर दालनातून निघताना एक, मुलाने निवडलेल्या वस्तूचा, आणि तिथे फोटोला परवानगी असेल तरच.

मूल स्वतःहून पुढे सरकलं तर त्याला मागे ओढू नका. काचेला टेकून उभं राहायला लागलं, तुमच्या ओढणीशी खेळायला लागलं, की समजा झालं. तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे म्हणून अजून एक मजला चढू नका. हे मी फार जीव तोडून सांगते आहे, कारण त्या शेवटच्या मजल्यावरच मूल ठरवतं की पुन्हा यायचं नाही.

४. अजिबात न थांबणाऱ्या मुलासाठी हत्ती

काही मुलं दालनात थांबतच नाहीत. त्यांना भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या दगडी हत्तीपाशी न्या. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. मुलाला आधी हे काही सांगू नका. "याच्याभोवती फिर आणि कुठे कुठे जोडलाय ते शोध," एवढंच म्हणा. पळायचंच आहे ना, पळू दे. सांधे सापडायला लागले की ते आपोआप हळू होतं, बोट नेऊन दाखवायला लागतं. मग सांगा: १८६४ साली इंग्लंडला न्यायला याला उचलत होते, तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ साली जोडून हा पुन्हा उभा केला. एवढं झाल्यावर बहुतेक मुलं आत यायला तयार होतात, आणि आतल्या मातीच्या छोट्या माणसांपुढे, मुंबईच्या जुन्या प्रतिकृतींपुढे थांबतातही.

राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन मात्र शेवटी. आधी पेंग्विन दाखवलेत तर त्या दिवशी संग्रहालय विसरा.

५. बाहेर पडताना

खायला द्या. घरी निबंध लिहायला लावू नका.

केळकर संग्रहालयातून निघताना एक गोष्ट मी दरवेळी सांगते, आणि मुद्दाम दारातच सांगते. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमाराला या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. पत्नी कमलाबाईही या कामात त्यांच्याबरोबर होत्या. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आज त्यात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. आत शिरताना हे सांगितलं तर मुलं ऐकून सोडून देतात. सगळं डोळ्यांखालून गेल्यावर सांगितलं तर एखादं मूल मागे वळून दाराकडे बघतं.

६. दुसरी खेप

दुसऱ्या वेळी त्याच ठिकाणी, त्याच दालनात जा, आणि सोबत घरातलं कुणी जुनं माणूस न्या. आता मुलाने दाखवायचं, तुम्ही मागे चालायचं. भावाच्या मुलाबरोबर मी माझ्या आईला नेलं होतं. तो तिचा हात धरून थेट घोड्याच्या अडकित्त्यापाशी घेऊन गेला आणि धार एकाच पात्याला का असते ते समजावायला लागला. आईने सगळं ऐकून घेतलं. मग काचेपुढेच हवेत बोटं दुमडली, न दिसणारी सुपारी दोन बोटांत धरली आणि म्हणाली, "असं धरायचं. नाहीतर बोट कापतं." तो तिच्या बोटांकडे बघत तिथेच खाली बसला.