होडीच्या स्क्रूला सीलंट लावताना

फायबरच्या होडीवर क्लीट (दोर बांधायचा खुंटा) किंवा रेलिंग बसवायचं असेल, तर आधी ठरवा: हा स्क्रू पुढे कधी काढावा लागेल का? लागणार असेल तर थ्रीएम ५२०० सारखं कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन सीलंट (फट बुजवून पाणी अडवणारा चिकट पदार्थ) नको. सामान काढताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थरही उखडतो. डेकवरच्या सामानाला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) उत्तम. पॉलिसल्फाइड सीलंट सागवानाला छान, पण अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकना मारक. तिथे सिलिकॉन लावा. पाण्याखाली मात्र सिलिकॉन नको, आणि जिथे नंतर रंग द्यायचा तिथेही नको, कारण त्यावर रंग धरत नाही.

खरं काम भोकाच्या तोंडाशी आहे. काउंटरसिंक बिटने (भोकाचं तोंड रुंद करणाऱ्या ड्रिलच्या टोकाने) कड थोडी तिरकी करा, अ‍ॅसिटोनने पुसा, मग त्या खोबणीत आणि स्क्रूच्या डोक्याखाली सीलंट भरा. तिथे रबरी रिंगसारखा थर तयार होतो. एकदम करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं. बोल्ट असेल तर तो पकडून ठेवा आणि फक्त नट फिरवा. डेकच्या आत बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असेल, तर भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातूनच नवं पाडा. ओल लाकडात शिरली की ते आतल्या आत कुजतं.