माहिती देताना हात का सैल सुटतो, आणि तो कुठे आवरायचा

मोबाइल नंबर, जन्मतारीख, आधारची प्रत आपण सहसा तीन कारणांनी देऊन बसतो: पन्नास रुपयांची सूट, ‘दहा मिनिटांत खाते बंद होईल’ ही घाई, किंवा ओळखीच्या माणसाने पाठवलेली लिंक. घाई सगळ्यांत घातक, कारण पडताळायला वेळच उरत नाही. असा फोन आला की तो ठेवा आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा.

फॉर्म भरताना आधी फक्त तारांकित रकाने भरा. बाकीचे रिकामे सोडले तरी बहुतेक वेळा काम होते. आधीच टिक केलेल्या चौकटींतली टिक काढा, ती तुमच्या सोयीसाठी नसते.

आधार मागितले तर ‘मास्क्ड आधार’ चालेल का, हे विचारा. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येते. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात.

यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. तो टाकून बसलात तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.