वर्षावनात कॅमेरा ट्रॅप लावायचाय? मग हे आधी वाचा

वर्षावनात प्राणी असतात पण दिसत नाहीत, दहा पावलांवर काहीतरी उभं असलं तरी पानांआड कळत नाही, म्हणूनच कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लागतो. पण मोकळ्या कोरड्या रानात चालणारी सेटिंग इथे चालत नाही आणि बऱ्याच जणांचा पहिला महिना त्यातच वाया जातो.

वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय काही सुरू करू नका. त्यानंतर लगेच कॅमेरे लावायला पळू नका, आधी जंगलाकाठच्या लोकांशी बोला. व्हिएतनाममध्ये रुपेरी पाठीची एक पिसोरी (हरणासारखा छोटा प्राणी) आहे, १९१० साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं आणि १९९० नंतर तिचा ठोस पुरावाच नव्हता. संशोधकांनी गावकऱ्यांना आणि वनरक्षकांना विचारलं, ते म्हणाले की करड्या रंगाची पिसोरी आम्ही बघतो, मग त्या भागात कॅमेरे लावले तर फोटो मिळाले, २०१९ ला ते जाहीर झालं. ते जंगल कोरडं होतं, पण वर्षावनातसुद्धा मी हेच आधी करीन.

जागा कुठली निवडायची हे प्रश्नावर ठरतं. एखादा दुर्मिळ प्राणी आहे का एवढंच बघायचं असेल तर पायवाटा, ओढ्याचा काठ, आडवा पडलेला ओंडका, प्राणी माती चाटतात त्या जागा, जिथे ठसे आणि विष्ठा दिसेल तिथे लावा. पण अख्ख्या जंगलाचा अंदाज हवा असेल तर नुसत्या चांगल्या जागा निवडून चालत नाही, नकाशावर चौकोन आखून प्रत्येकात एक कॅमेरा लावावा लागतो. वाघ किंवा जॅग्वार असा अंगावरच्या खुणांवरून ओळखायचा प्राणी असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावा, कारण डाव्या आणि उजव्या अंगावरची नक्षी सारखी नसते.

आता सेन्सर. तो प्राण्याला ओळखत नाही, समोर हलणाऱ्या गोष्टीचं तापमान मागच्यापेक्षा वेगळं आहे का एवढंच बघतो. दुपारी उकाड्यात जमीन आणि अंग जवळपास सारखंच गरम असतं मग छोटा प्राणी सरळ निसटतो, आणि उन्हात तापलेलं एखादं पान वाऱ्यावर हललं की शेकडो रिकामे फोटो, कार्ड फुल. म्हणून उन्हाचा कवडसा पडतो अशी जागा टाळा, समोरची पानं, वेली थोड्याच काढा (झाडं तोडू नका!), आणि लक्षात ठेवा की महिन्याभरात तिथे नवीन पालवी येतेच. उंची साधारण गुडघ्याएवढी, वाटेपासून तीन-चार मीटर. लावून झाल्यावर स्वतः ओणवं होऊन समोरून जा आणि ट्रिगर होतोय का बघा, हे चुकवू नका.

सगळ्यात मोठा शत्रू ओलावा. पेटी बंद करण्याआधी रबरी सील पुसा, एक वाळूचा कण किंवा केस अडकला तरी पाणी आत जातं. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि प्रत्येक फेरीला बदला. जोरदार पाऊस चालू असताना पेटी उघडूच नका, छत्री धरूनसुद्धा नको. लिथियमच्या बॅटऱ्या महाग पडतात पण जास्त टिकतात, जिथे पोचायला दोन दिवस चालावं लागतं तिथे त्याच घ्या. मुंग्या पेटीत घर करतात, तेव्हा मागची फट तपासा. हत्ती असतील तर काही कॅमेरे मोडणारच, ते हिशोबात धरा.

निघण्याआधी तारीख आणि वेळ परत एकदा बघा, घड्याळ चुकलं की प्राणी दिवसा फिरतो की रात्री हा सगळा डेटा गेला. कॅमेरा नक्की किती दिवस चालू होता हे लिहून ठेवा, कारण फोटो आला नाही याचा अर्थ प्राणी नाही असा होत नाही, तीन दिवसांत बंद पडलेला कॅमेरा आणि तीस दिवस चालूनही रिकामा राहिलेला कॅमेरा यात खूप फरक आहे.

वाटेत तारेचे फासे दिसले तर फोटो आणि जीपीएस घ्या आणि त्याच दिवशी वनरक्षकांना कळवा. आणि दुर्मिळ प्राण्याचा फोटो टाकताना त्यातली लोकेशन काढून टाका, मागे ओळखू येणारा खडक किंवा धबधबा असेल तर क्रॉप करा, कारण शिकारीसुद्धा तेच फोटो बघतात.