पैशांचं शिकायचंय? आधी वाचनालयाचं कार्ड काढा

नोकरी लागल्या लागल्या सोसायटीतल्या एका काकांनी मला पॉलिसी विकली होती. वर्षाला २४ हजार, २० वर्षं, आणि शेवटी साधारण ९ लाख. म्हणजे ४ लाख ८० हजार भरायचे नि ९ लाख घ्यायचे, जवळजवळ डबलच की, आईने देवापुढे पेढे ठेवले. सहा वर्षांनी एका रविवारी वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो होतो, बाहेर पाऊस कोसळायला लागला, छत्री घरी, म्हणून अडकलो आणि टाइमपास म्हणून गुंतवणुकीवरचं एक पुस्तक चाळत बसलो. त्यात दरवर्षी भरलेल्या पैशांवर खरा दर किती पडतो ते कसं काढायचं हे दोन पानांत दिलं होतं. तिथेच बसून मोबाइलवर आकडेमोड केली तर दर आला साडेपाच ते पावणेसहा टक्क्यांच्या मधे कुठेतरी. तेच २४ हजार दरवर्षी पीपीएफमधे (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) टाकले असते, १५ वर्षं आणि पुढे ५ वर्षांची मुदतवाढ घेऊन, तर आत्ताच्या ७.१ टक्क्यांनी साडेदहा लाखांच्या वर गेले असते. पॉलिसीत विमा होता हे खरं, पण तो इतका किरकोळ की त्याच्यासाठी एवढा फरक सोसायचं काही कारण नव्हतं.

काका खोटं बोलले नव्हते बरं का. त्यांनी टक्के सांगितलेच नाहीत आणि मी विचारलेच नाहीत. तेव्हापासून मला एक गोष्ट जाणवत आलीये, पैशांबद्दल आपल्याला जो कोणी फुकट शिकवायला येतो त्याचं कुठे ना कुठे कमिशन असतं, बँकेतली रिलेशनशिप मॅनेजर असो, यूट्यूबवरचा पोरगा असो नाहीतर ऑफिसमधला मित्र. वाचनालयातल्या काउंटरवरच्या माणसाला तुम्ही एफडी केली काय नि शेअर घेतले काय, त्याचं लक्ष पुस्तक वेळेवर परत येतंय का एवढ्यावरच असतं. म्हणून सुरुवात तिथून करा.

कुठे जायचं? ठाण्यात तर प्रश्नच नाही, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, नगर वाचन मंदिर त्याच्याही आधीचं. जिल्हा ग्रंथालय आहे ते वेगळंच. नवी मुंबईत तुमच्या नोडमधे, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या तुमच्या भागात, महापालिकेचं वाचनालय आहे का ते बघा, आणि नसेल तर ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला या, ऐरोलीहून काही लांब नाही. सभासद व्हायला साधारण फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत आणि वर्गणी लागते, अनामत कार्ड बंद केलं की परत मिळते. एकावेळी किती पुस्तकं हवीत त्यावर वर्गणी ठरते. माझा सल्ला, दोन पुस्तकांची घ्या, एक कादंबरी आणि एक पैशांचं, नुसती पैशांची पुस्तकं वाचणारा माणूस घरच्यांना दोन महिन्यांत नकोसा होतो. आणि पेपर नि मासिकं वाचायला बहुतेक ठिकाणी सभासद व्हावं लागत नाही, मुक्तद्वार वाचनालय असतं, चपला काढा, आत जा, बसा.

आता पुस्तक शोधायचं कसं. इथे लोकांची फसगत होते कारण ते कपाटावर 'गुंतवणूक' अशी पाटी शोधतात आणि ती नसते. मराठी पुस्तकं अर्थशास्त्रात असतील, वाणिज्य किंवा व्यवस्थापनात असतील, व्यक्तिमत्त्व विकासात घुसवलेली असतील आणि कुठेच बसली नाहीत तर संकीर्णमधे. इंग्रजी विभागात ड्युई पद्धतीचे, म्हणजे विषयावरून ठरणारे, नंबर लावलेले असतील तर काम सोपं, ३३२.०२४ म्हणजे घरगुती पैशांचं नियोजन, ३३२.६ म्हणजे गुंतवणूक नि शेअर बाजार, ३६८ विमा, ६५७ हिशेब. हे आकडे मोबाइलमधे लिहून ठेवा. आणि देवघेव विभाग वेगळा, संदर्भ विभाग वेगळा. संदर्भातलं पुस्तक घरी मिळत नाही पण तिथे बसून वाचता येतं, हवी ती दोन-चार पानं झेरॉक्स करून मिळतात का ते विचारा. विचारा म्हणजे खरंच विचारा हो, आपण काय करतो, कपाटासमोर अर्धा तास घुटमळतो आणि ग्रंथपाल चार फुटांवर बसलेले असतात.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघू नका, आधी नावाच्या पानाची मागची बाजू उघडा, आवृत्ती कुठल्या साली निघाली ते बघा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. वाचनालयातली पैशांची बरीचशी पुस्तकं शिळी असतात, आणि कादंबरी शिळी होत नाही तसं टॅक्सचं प्रकरण नसतं. आता हेच बघा, शेअर एक वर्षाहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर टॅक्स नाही असं लिहिलेलं पुस्तक मिळेल, ते २०१८ च्या आधीचं. एक लाखाच्या वर १० टक्के असं असेल तर २०१८ ते २०२४ च्या मधलं. २३ जुलै २०२४ पासून सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के झाले आणि वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. त्यात १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवीन कायदा लागू, कलमांचे नंबरच बदलले, 'असेसमेंट इयर' हा शब्दसुद्धा गेला. म्हणजे तुम्ही ८०सी (गुंतवणुकीवर टॅक्समधे वजावट देणारं जुनं कलम) पाठ करून बसलात तर तो पाठ जुना. बँक बुडाली तर १ लाखच मिळतात असं छापलेलं दिसलं की समजा पुस्तक फेब्रुवारी २०२० च्या आधीचं, आता विमा ५ लाखांचा आहे.

मग जुनी पुस्तकं टाकून द्यायची का? अजिबात नाही! चक्रवाढ शिळी होत नाही, महागाई शिळी होत नाही, ताळेबंद कसा वाचायचा ते शिळं होत नाही. ७२ चा नियम घ्या, ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की किती वर्षांत दुप्पट ते येतं, साधारण. आता उलटं करून बघा, किसान विकास पत्र १९८८ साली निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत डबल व्हायचं, ७२ भागिले साडेपाच म्हणजे १३ टक्के. हल्ली ते ११५ महिने घेतं, म्हणजे ९ वर्षं ७ महिने, भागून बघा, साडेसात टक्के. आजोबा म्हणतात ना 'आमच्या वेळी पोस्टात पैसे डबल व्हायचे', ते खरंच होतं, पण तेव्हाची महागाईही तशीच होती हे ते सांगत नाहीत. तर पद्धत अशी, दर नि टॅक्स नि मर्यादा हे पुस्तकातून घ्यायचंच नाही, ते त्या त्या सरकारी साइटवरून त्याच आठवड्यात तपासायचं, आणि विचार करायची रीत मात्र पुस्तकातून घ्यायची.

पेपरच्या टेबलाकडे वळू. इंग्रजी आर्थिक दैनिक घरी लावायचं म्हटलं की आपण महागाई मोजायला लागतो, इथे फुकट. सोमवारी मराठी पेपरांच्या अर्थविषयक पुरवण्या बघा. मासिकांत पुण्याच्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची अर्थबोधपत्रिका येत असेल तर चाळा, शेअर टिप मिळणार नाही, पण देशात चाललंय काय ते शांत मराठीत कळतं. एक सावधगिरी, म्युच्युअल फंडावरच्या लेखाखाली लेखकाचं नाव बघा, बरेचदा तो वितरकच असतो. वाईट असं नाही, पण कमिशन आहे हे माहीत असलेलं बरं.

जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर एक दुपार त्यांना द्या, माझ्या मते वाचनालयातली खरी मजा हीच आहे. एप्रिल १९९२ चे पेपर काढा, सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ, लोक वेडे झालेले, आणि त्याच महिन्यात हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर. मग २००८ काढा, जानेवारीत २१ हजारांना शिवून आलेला बाजार २७ ऑक्टोबरला ७,७०० च्या खाली जाऊन आला, आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्याच दिवशी! मग मार्च २०२०, २३ तारखेला एका दिवसात १३ टक्के पडला. त्या त्या दिवशीची पहिली पानं वाचा, तज्ज्ञ काय सांगत होते ते वहीत लिहा, आणि पुढच्या वर्षीचा खंड उघडून ताडून बघा. कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त अक्कल येते, निदान मला आली. आता बाजार पडला की मी ॲप उघडायच्या आधी चहा करतो.

वही हवीच. पुस्तकातून एक हिशेब उचलायचा आणि स्वतःच्या कागदावर लावायचा, नाहीतर नुसतं वाचन होतं. पहिल्या महिन्यात आपल्या पॉलिसीचा खरा दर काढा (एक्सेलमधे आयआरआर नावाचं फंक्शन आहे). पुढे म्युच्युअल फंड असेल तर तो रेग्युलर आहे की डायरेक्ट ते स्टेटमेंटवर बघा, डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून मिळतात आणि खर्चाचं प्रमाण कमी असतं कारण मधे वितरक नसतो. मग एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल, हा वाचनालयात मिळेलच असं नाही पण बीएसई-एनएसईच्या साइटवर सगळे असतात, डाउनलोड करून अभ्यासिकेत घेऊन जा. अध्यक्षांचं रंगीत पत्र सोडा, सरळ ऑडिटरचा रिपोर्ट, नंतर रोख प्रवाह, म्हणजे नफा कागदावर आहे की पैसा खरंच येतोय. पहिल्यांदा डोक्यावरून जाईल. मग हिशेबाचं पुस्तक काढा, बारावी कॉमर्सचं पाठ्यपुस्तकसुद्धा चालतं, लाज कसली.

परीक्षा देऊन बघायची असेल तर सेबी (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) आणि तिच्याच एनआयएसएम या शिक्षणसंस्थेची गुंतवणूकदारांसाठीची सर्टिफिकेट परीक्षा फुकट आहे, अभ्यासाचं साहित्यही ऑनलाइन मिळतं.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअरच्या टिपा देणारे कोणी 'सर' भेटलेच तर त्यांचा सेबी नोंदणी क्रमांक मागा, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने, आणि तो सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. हो, आणि वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर किंवा वायफायवर नेटबँकिंग करायचं नाही, तिथे फक्त वाचायचं.

हवं ते पुस्तक नसेल तर मागणी नोंदवही मागा. बहुतेक वाचनालयांत असते, कोपऱ्यात पडलेली, आणि तिच्यात लोक कादंबऱ्याच मागतात, म्हणून वर्षानुवर्षं कादंबऱ्याच येतात. मी नवीन आयकर कायद्यावरचं मराठी पुस्तक मागितलं होतं, नाव, प्रकाशन, साल सगळं नीट लिहून. दोन महिन्यांनी आलं. बघायला गेलो तर आधीच कोणीतरी घेऊन गेलेलं. आता त्या सभासदाच्या परतीच्या तारखेवर डोळा ठेवून आहे.