फुटवे दिसले की लगेच कात्री-खत घेऊन धावू नका: फेब्रुवारी-मार्चमधल्या बागेत या चुका टाळा

संक्रांत झाली की थोड्याच दिवसांत कुंड्यांमध्ये हालचाल दिसायला लागते, जास्वंदाला पोपटी टोकं, गुलाबाला लालसर कोंब, मोगऱ्याच्या काडीवर बारीक डोळे. आणि मग आपण एक रविवार धरतो आणि छाटणी, कुंडी बदलणं, खत, फवारणी सगळं त्याच दिवशी उरकतो. निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. कात्री फुटव्याच्या आधी, खत फुटवा बोटभर झाल्यावर आणि दोन मोठ्या कामांमध्ये आठ-दहा दिवस तरी जाऊ द्या.

मोगऱ्याचंच बघा. त्याच्या कळ्या नवीन फुटीवर येतात, त्यामुळे छाटणी महाशिवरात्रीच्या आत झालेली बरी. एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत फांद्या कापा, उरलेली जुनी पानं हाताने काढून टाका. पण बरेच जण होळीनंतर जागे होतात, तोपर्यंत फूट निघालेली असते आणि कात्रीखाली नेमकी तीच जाते, मग एप्रिलमध्ये विचारतात की आमच्याकडे फुलं का नाहीत. उशीर झालाच असेल तर फक्त वाळक्या काड्या काढा आणि थांबा.

गुलाबाच्या बाबतीत उलटं. आपल्याकडे त्याची मोठी छाटणी ऑक्टोबरची, पण थंड देशांतले व्हिडिओ बघून लोक आत्ता झाड बुंध्यापर्यंत आणतात आणि ते कोवळं झाड थेट मार्चच्या उन्हात सापडतं. आत्ता फक्त सुकलेली फुलं काढायची. अजून एक, बुडातून एखादी जाड, तरतरीत फांदी सरसर वर येताना दिसली की लगेच खूश होऊ नका, आधी ती कुठून फुटली ते बघा. कलमाच्या जोडाच्या खालून आली असेल तर ती खालच्या खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याची फूट आहे, ती सगळं अन्न खाते आणि वरचं कलम हळूहळू मरतं. मुळापाशी माती बाजूला करून ती फूट तिथूनच तोडून काढा, नुसती वरून कापली तर परत येते. आंबा, लिंबू यांच्या कलमांनाही हेच.

चाफा, अडेनियम, कढीपत्ता यांची पानं थंडीत गळतात, किंवा पिवळी पडून खराब दिसतात. झाड मेलं असं समजून लोक एकतर उपटतात नाहीतर रोज बदाबदा पाणी घालतात, आणि चाफा किंवा अडेनियम असेल तर खोड तिथेच सडतं. नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने द्या, फूट आली की वाढवा.

आता मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. कोवळ्या शेंड्यावर तो येणारच, कारण रस तिथेच असतो, आणि नत्राचं खत जास्त दिलं की फूट आणखी लुसलुशीत होते आणि मावा आणखी वाढतो. शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली की लोक मुंग्यांची पावडर टाकून मोकळे होतात, पण मुंग्या तिथे माव्याच्या गोड चिकट रसासाठी आलेल्या असतात, त्यामुळे पान उलटं करून आधी मावा बघा. पहिले दोन-तीन दिवस सकाळी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि लिक्विड सोपचे काही थेंब, तेही संध्याकाळी आणि आधी एकाच फांदीवर मारून बघा. दुपारच्या उन्हात मारलं तर कोवळी पानं करपतात आणि दोष नीम तेलाला जातो. आणि प्लीज, पानावर छोट्या मगरीसारखी दिसणारी काळी-नारिंगी अळी दिसली तर मारू नका, ती लेडीबर्डची अळी आहे, तीच मावा खाते!

लिंबाच्या नव्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी. अळी पानाच्या आत असते त्यामुळे वरून धुऊन काही होत नाही, जास्त वळलेली पानं तोडून टाका. झाड फुलावर असेल तर फवारणी नकोच, मधमाश्या येत असतात.

पानं पिवळी पडली की सरसकट खत घालायची सवय सोडा. खालची जुनी पानं पिवळी आणि वरची ठीक असतील तर बहुतेक नत्र कमी आहे, गांडूळखत चालेल. पण नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं असेल तर ती लोहाची कमतरता, बोअरचं क्षारयुक्त पाणी असलेल्या भागात हे खूप दिसतं, तिथे कितीही शेणखत घाला लगेच फरक पडत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह लागतं. आणि शेण ताजं तर अजिबात नको, पूर्ण कुजलेलंच घाला.

याच दिवसांत सोसायट्यांमध्ये पानगळीचे ढीग जाळतात, खरंच वाईट वाटतं. ती कोरडी पानं गोणी भरून आणा आणि कुंडीत मातीवर दोन बोटं थर द्या, फक्त बुंध्याला चिकटवू नका. मार्चअखेर गच्चीवरची माती दुपारी तापायला लागते तेव्हा याच थराने कोवळी मुळं वाचतात आणि पाणीही कमी लागतं.