पित्तनलिकेचा बायपास दुर्बिणीतून करताय? या चुका टाळा

ठाण्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढणारे आता पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींना शंभरेक पित्ताशयं झाली की पित्तनलिका आतड्याला जोडायची, म्हणजे बायपासची, घाई होते. "कॅन्सर थोडाच आहे?" हा त्यांचा युक्तिवाद. अहो, म्हणूनच तर हा पेशंट पुढची तीस-चाळीस वर्षं तुमच्या टाक्यांवर काढणार!

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे नलिका सोलणं. स्क्रीनवर छान दिसावी म्हणून उसासारखी चहूबाजूंनी सोलतात. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी तिच्या अंगाने उभ्या जाणाऱ्या बारीक धमन्या तिला रक्त पुरवतात, नेमक्या त्याच मरतात. घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात अशा केसला मी मदतीला उभा होतो. मुरबाडची बाई, नलिका फुगलेली, खडे पुन्हा पुन्हा होणारे. तरुण सर्जनने नलिका लख्ख केली. मी "पुरे रे" म्हणालो, पण उशिरा. जोड देखणा झाला, व्हिडिओ ग्रुपवर फिरला. आठ महिन्यांनी बाई हुडहुडी, ताप आणि कावीळ घेऊन परत आली. जोड आवळला होता. मग पोट उघडून, पार यकृताच्या तोंडाशी नवा जोड द्यावा लागला. तेव्हापासून नलिकेची कड मी कात्रीनेच कापतो, कॉटरी (विजेने जाळून कापायचं उपकरण) लावत नाही, आणि लालभडक रक्त दिसेपर्यंत मागे सरकतो.

दुसरी चूक ओढाताणीची. रू लूप, म्हणजे नलिकेला जोडायला वर आणलेलं आतडं, 40 ते 60 सेंटिमीटरची घेतली, तरी मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा, त्याच्या रक्तवाहिन्यांचा पडदा) मोकळी केली नसेल तर ती वर पोचत नाही. लूप वर नेऊन मी पकड सोडतो. घसरली तर अजून मोकळी करतो. पीळ पडलाय का, तेही तेव्हाच बघतो.

रेशमी धागा नको, त्यावर खडा धरतो. विरघळणारा, 4-0 किंवा 5-0 जाडीचा बारीक धागा घ्या. मेसेंटरीतली फट शिवा. कावीळ असेल तर रक्त गोठण्याची तपासणी आणि व्हिटॅमिन के आधी. नलिकेची जन्मजात सिस्ट (पिशवीसारखा फुगवटा) असेल तर नुसता बायपास करू नका, ती काढा. ठेवलेल्या सिस्टमध्ये पुढे कॅन्सर होऊ शकतो.

आणि मागच्या बाजूचे टाके बसत नसतील तर पोट उघडा, त्यात कसली लाज? "छोटंच ऑपरेशन ना, डॉक्टर?" असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मी सांगतो, भोकं छोटी, काम मोठंच. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' हे मी स्वतःच्या हाताने लिहितो.