वाटेवरचा वीरगळ कसा वाचावा

गावाच्या वेशीवर, पारावर किंवा देवळामागे गवतात टेकवलेला कोरीव दगड दिसला की मी गाडी थांबवतोच. बहुधा तो वीरगळ असतो, लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक.

वाचायचा खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गायी असतील तर गुरं वाचवताना तो गेला, असं समजावं. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजं आहेत, म्हणजे समुद्रावरची लढाई! खालच्या चौकटीच्या वर युद्ध, मग अप्सरा वीराला वर नेतात, आणि माथ्याशी तो शिवलिंगाची पूजा करत बसतो. सूर्य-चंद्र कोरलेले असतात, कारण ते आहेत तोवर त्याची आठवण राहावी. नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसला तर ती सतीशिळा.

दुपारी जाऊ नका, उभ्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळचं तिरपं ऊन उत्तम. नाहीतर टॉर्च बाजूने धरा, झिजलेली तलवारसुद्धा उठून येते. खडू, पीठ, तेल काहीही चोळू नका. मी सुरुवातीला खडू फिरवला होता, त्याची खंत अजून आहे. दगड जागचा हलवू नका. तो कुठे उभा आहे, हीसुद्धा माहितीच. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, जागा लिहून घ्या.

मग पारावरच्या आजोबांना विचारा, "बाबा, याला काय म्हणता तुम्ही?"